वाइनच्या बाटल्यांचे आकार असे चित्रविचित्र का? (आणि आम्ही काय करावं?)

बाळेकर_हिशेबनीस

मंडळी, मी वाइनचा जाणकार नाही. हिशेब लिहितो, त्यामुळे प्रश्नही हिशेबाचाच आहे.

माझ्या आत्येभावाची माळशिरस तालुक्यात द्राक्षबाग आहे, वाइनच्या जातींची. आजवर माल वाइनरीला घालायचा. आता स्वतःच्या नावाची वाइन काढायचं त्याच्या डोक्यात बसलंय. वाइन दुसऱ्याच्या वाइनरीत करून घ्यायची, भरायचीही तिथेच, नाव मात्र आपलं. इथपर्यंत ठीक. पण त्याला बाटली हवी चौकोनी आणि मधे पीळ दिलेली. मोबाइलमध्ये कुठला तरी फोटो आहे, तो भेटेल त्याला दाखवत फिरतोय. म्हणतो, "दादा, साध्या बाटलीला कोण विचारतंय?"

माझं मत असं की आकार हा निव्वळ देखावा आहे. गिऱ्हाईक वाइन पितं, काच पीत नाही. तरी जगभरचे वाइनवाले चपट्या, फुगीर, कंबर असलेल्या बाटल्या काढतातच, म्हणजे काहीतरी कारण असणार. काय ते सांगा. त्याला पटवायचंय किंवा मला पटवून घ्यायचंय.

कडक_भाकरी

बाटली रिकामी झाली की मनीप्लांट लावायला बरी दिसते. दुसरं काय कारण असणार बे.

सातरस्त्याची_सुमन

@बाळेकर, देखावा म्हणून उडवून लावू नका. मी स्वतः घेत नाही, पण नवऱ्याच्या साहेबांना भेट द्यायची होती तेव्हा दुकानात गेले. समोर ओळीने शंभर बाटल्या, सगळ्या एकसारख्या, लेबलावर न वाचता येणारी नावं. मी काय केलं असेल? जी वेगळी दिसली ती उचलली. माझ्यासारखी दहातली सात माणसं हेच करत असणार. तुमच्या भावाला बाजार कळतो.

काचेची_भट्टी

आयुष्य बाटल्यांच्या कारखान्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाटली गोल असते ती उगाच नाही. वितळलेल्या काचेचा गोळा आधी एका साच्यात पडतो, तिथे त्याला कच्चा आकार येतो. मग दुसऱ्या साच्यात हवा मारून तो फुगवतात. गोल साच्यात काच सगळीकडे सारखी पसरते. चौकोनी साच्यात कोपऱ्यापर्यंत पोचताना ती ताणली जाते आणि कोपरा पातळ राहतो. पातळ कोपरा म्हणजे टेम्पो खड्ड्यातून गेला की पहिला तडा तिथे. त्यावर उपाय एकच, काच जास्त घालायची. मग बाटली जड होते आणि महागही होते.

पीळ दिलेल्या बाटलीचं दुखणं आणखी वेगळं. लेबल लावायचं यंत्र बाटली फिरवत लेबल गुंडाळतं, त्याला सरळ पोट लागतं. पीळ असेल तर लेबल हाताने लावा नाहीतर काचेवर छापून घ्या. बाटली भरायच्या यंत्रावर ती ढकलणारे, धरणारे जे भाग असतात ते बाटलीच्या घेराप्रमाणे बदलावे लागतात. दुसऱ्याच्या वाइनरीत भरून घेणार म्हणताय, तर ते तुमच्या थोड्या मालासाठी यंत्र उघडून बसणार का, हे आधी विचारा. आणि साचा नुसता एक नसतो, यंत्राच्या प्रत्येक खान्याला एक जोडी लागते. त्यामुळे स्वतःच्या आकाराची बाटली हवी असेल तर कारखाना आधी विचारतो, लाखात घेणार का?

फसफसणारी वाइन काढायचा विचार असेल तर चौकोन विसराच. शँपेनच्या बाटलीत ५ ते ६ बार दाब असतो. मोटारीच्या चाकात सव्वादोनच्या आसपास भरतो आपण. तो दाब गोल भिंतच सहन करते. शँपेनची नेहमीची बाटली पूर्वी ९०० ग्रॅमची असायची. २०१० पासून ती ८३५ ग्रॅमवर आणली, तेवढी काच काढायलासुद्धा त्यांना बऱ्याच चाचण्या कराव्या लागल्या.

कडक_भाकरी

काका, मग आपली गोटी सोड्याची बाटली? तिच्या गळ्याला केवढ्या चिमट्या.

काचेची_भट्टी

छान आठवण काढलीस. ते डोकं हायरम कॉड नावाच्या इंग्रजाचं, १८७२ चं पेटंट. आत गॅसचा दाब, तो गोटीला वरच्या रबरी कड्यावर दाबून धरतो. गळ्यातल्या चिमट्या कशाला, तर ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून. एकही वळण शोभेचं नाही.

माइन_काठचा_सोलापुरी

फ्रँकफुर्टहून नमस्कार. चपट्या बाटलीचा विषय निघालाय तर आमच्या शेजारच्या फ्रांकेन भागातली 'बॉक्सबॉयटल' सांगतो. पोट चपटं, गोल, जुन्या सैनिकांच्या पाण्याच्या बाटलीसारखं. १८ व्या शतकात वूर्ट्सबुर्गच्या वाइनवाल्यांनी ती आपली ओळख म्हणून पक्की केली, कारण दुसरे लोक आपली वाइन त्यांच्या नावावर खपवत होते. आज युरोपच्या कायद्याने तो आकार राखीव आहे. ठरावीक भागांनाच वापरता येतो.

पोर्तुगालच्या मातेउश रोझे या गुलाबी वाइनचीही साधारण तशीच चपटी बाटली, १९४२ पासून. त्या वाइनचं नाव विसरलेली माणसं बाटली बघून ओळखतात.

कायद्याचाच आणखी नमुना हवा असेल तर फ्रान्सच्या अल्सासचा घ्या. तिथली वाइन उंच सडपातळ बाटलीतच भरावी लागते. आणि ज्युरा भागातल्या 'व्हँ जोन' या पिवळ्या वाइनची 'क्लाव्हलँ' नावाची बाटली तर ६२० मिलीची. ती वाइन पिंपात सहा वर्षं तीन महिने ठेवतात, त्यात बरीच उडून जाते. एका लिटरमागे शेवटी जेवढी उरते तेवढी म्हणे ही बाटली. हिशेबनीसांना आवडेल असा आकार आहे.

बाळेकर_हिशेबनीस

आवडला! घट धरून माप ठरवलंय. आमच्या भावाला एवढी अक्कल असती तर...

माऊली_माऊली

ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे तिथली मंडळी बाटलीचा आकार चघळत बसली आहेत. पांडुरंगा! आकार कसाही असो, आत दारूच ना? धागा उडवावा ही विनंती.

नान्नजचा_बागायतदार

माऊली, तुमचा राग कळतो. आमच्या घरात माळकरी आहेत, आमच्याकडेही कोणी घेत नाही. पण द्राक्ष हे नाशवंत पीक. बाजार पडला की बेदाणा करायचा, बेदाणा पडला की कपाळावर हात. माळशिरसच्या ज्या शेतकऱ्यांनी वाइनची जात लावली त्यांना निदान घेणारा आधी ठरलेला असतो. तेवढी खिडकी बंद करू नका.

आता मुद्द्यावर. आमच्या गावचं नाव निघालं की लोक माळढोक पक्षी म्हणतात. पण द्राक्षवाल्यांना नान्नज माहीत आहे ते नानासाहेब काळे यांच्यामुळे. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती त्यांनी इथे शोधल्या. त्या खायच्या आणि बेदाण्याच्या. त्यांचा मणी मोठा, लांबट लागतो, बाजारात रूपाला भाव. वाइनच्या द्राक्षाचं उलट आहे. मणी बारीक, साल जाड, बिया भरपूर, घड बघितला तर तुम्ही ताटातही घेणार नाही. म्हणजे वाइनवाला माल घेताना रूप बघत नाही आणि विकताना मात्र सगळं रूपावर! मला याची गंमत वाटते.

@बाळेकर, भावाला विचारा, बाटलीवर जादा जाणारे पैसे जर एका छाटणीच्या मजुरीवर घातले, घड कमी ठेवले, तर वाइन सुधारेल का? आधी ते उत्तर घ्या.

कडक_भाकरी

माळढोकाच्या आकाराची बाटली काढा की. लांब मान, जड बूड. नाहीतर डाळिंबाच्या आकाराची, केगावला डाळिंबाचं संशोधन केंद्रच आहे आपल्या.

जुनी_नाणी_जुन्या_बाटल्या

@कडक_भाकरी, तुम्ही चेष्टा करताय पण गोल बाटली खरोखरच होऊन गेली आहे. डाळिंब नाही, कांदा!

इंग्लंडात १६१५ मध्ये राजा पहिला जेम्स याने काचभट्टीत लाकूड जाळायला बंदी केली. लाकूड जहाजांसाठी हवं होतं. भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, आच वाढली, काच दणकट आणि गडद झाली. १६३० च्या दशकात सर केनेल्म डिग्बी याने अशा भक्कम बाटल्या केल्याचं श्रेय त्याला देतात. पुढे बाटल्या बुटक्या, फुगीर झाल्या. संग्राहक त्यांना कांदा-बाटलीच म्हणतात. मेजावर पक्क्या बसायच्या, फुंकून करायलाही सोप्या.

मग त्या गेल्या का? तर बुचामुळे. वाइन बाटलीत वर्षानुवर्षं मुरवायची तर बूच ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर ते सुकतं आणि हवा आत जाते. बूच ओलं ठेवायचं तर बाटली आडवी. कांदा आडवा ठेवला तर गडगडतो, एकावर एक रचता येत नाही. म्हणून १८ व्या शतकात पोट हळूहळू सरळ होत गेलं आणि आजची नळकांडी बाटली आली.

रोमन काळातली एक बाटली जर्मनीत श्पायरच्या संग्रहालयात आहे, चौथ्या शतकातली, अजून आत द्रव आहे. १८६७ मध्ये सापडली. तिला खांद्यावर दोन कान आहेत. उघडलेली नाही अजून.

कडक_भाकरी

कांदा आणि सोलापूर! आपल्या मार्केट यार्डातूनच गेली असणार ती कल्पना. बाकी त्या रोमन बाटलीचं मी उघडून देतो, सांगा त्यांना.

वाइन_वाचक

फ्रान्सच्या बोर्दो भागाची बाटली खांद्याची, बर्गंडी भागाची उतरत्या खांद्याची, याचं कारण म्हणून सगळे सांगतात की बोर्दोच्या वाइनला गाळ जास्त, तो ओतताना खांद्यात अडकतो. थोडंफार अडकतो हे खरं, पण बर्गंडीच्या वाइनलाही गाळ असतोच. उतरता खांदा फुंकणाऱ्याला सोपा होता, हे कारण मला जास्त पटतं. पुढे तो आकार त्या भागाची ओळख झाला आणि जगभर कॅबर्ने द्राक्षाची वाइन भरायची तर खांद्याची बाटली, पिनो न्वार द्राक्षाची भरायची तर उतरती, असा रिवाजच पडला.

आणि बुडाच्या खळग्याबद्दल: खळगा जेवढा खोल तेवढी वाइन भारी, असं आपल्याकडे छातीठोक सांगतात. थाप आहे. खळग्यामुळे बाटली पक्की बसते, फसफसत्या वाइनला मजबुती मिळते, शँपेनवाले एकीच्या खळग्यात दुसरीचं तोंड घालून रचतात. चवीशी संबंध शून्य.

खळगाच नसलेली भारी वाइनही आहे. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी १८७६ मध्ये रोडरर या शँपेनवाल्यांनी 'क्रिस्टाल' काढली. पारदर्शक काच, सपाट बूड. सांगतात असं की झाराला घातपाताची धास्ती, खळग्यात कोणी काही लपवू नये आणि आतलं दिसावं म्हणून.

नवीपेठ_वाइन्सवाला

दुकानदार बोलतो. @सुमनताई बरोबर आहेत आणि @भट्टीकाकाही.

वेगळी बाटली पहिल्यांदा उचलली जाते, शंभर टक्के. पण दुसऱ्यांदा गिऱ्हाईक नाव विचारतं, आकार नाही. आणि आमच्या अडचणी ऐका. पसरट बाटली दोनाची जागा खाते, म्हणून ती पुढच्या फळीवर न जाता वरच्या माळ्यावर जाते. फ्रीजच्या खणात बसत नाही. सोलापुरात एप्रिलपासून पारा चाळिशीच्या वर, गिऱ्हाईक थंडच मागतं. फ्रीजमध्ये न मावणारी पांढरी वाइन मी ठेवू कुठे?

दुसरं, पारदर्शक काच. रोझेचा गुलाबी रंग दिसावा म्हणून ती वापरतात, छान दिसते. पण उजेडाने वाइन बिघडते, तिला कुबट वास मारतो. हिरवी, तपकिरी काच उजेड अडवते. आमच्या रस्त्यावर दुपारचं ऊन थेट काउंटरवर येतं, तिथे पारदर्शक काचेचा माल ठेवायचा म्हणजे परतीची तयारी.

भंगार_सम्राट

आमच्या धंद्याचंही लिहू द्या. बिअरची बाटली आम्ही मोजून घेतो, ती धुऊन परत भरायला जाते. वाइनची साधी बाटली कोणी सजावटवाला, कोणी सरबतवाला घेतो. ही चौकोनी-पिळाची आली तर सरळ फुटक्या काचेत, किलोवर. दिसायला महाराणी, भावाला चुरा.

पण एक बघितलंय. महागड्या परदेशी दारूच्या वेगळ्या आकाराच्या बाटल्या मुद्दाम मागायला माणसं येतात. कशाला, ते सांगायला नको. मी देत नाही, फोडून टाकतो. आकार वेगळा असला की नक्कल अवघड होते म्हणतात, पण रिकामी अख्खी बाटली हातात पडली तर नक्कल उलट सोपी होते.

बाळेकर_हिशेबनीस

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मंडळी, धाग्याची लिंक भावाला पाठवली आहे. सांभाळून घ्या.

अक्षता_फेम

मागे इटलीतल्या टस्कनीत राहून आले. तिथल्या चिआंती वाइनची गवताने विणलेली बाटली कोणीच कशी आठवली नाही? पातळ काच, गोल बूड, उभी राहत नाही, म्हणून खाली गवताची टोपली. गावोगावच्या बायका घरी बसून विणायच्या. पुढे मजुरी वाढली, विणकाम परवडेना, बाटली सरळ झाली. आता बहुतेक पर्यटकांसाठी उरली. पद्मशाली घरातली आहे मी, घरातल्या मागांचं काय झालं ते बघितलंय, त्यामुळे ती गोष्ट ऐकताना वाईट वाटलं.

आणि गंमत बघा, चिआंतीचं सान्जोवेझे द्राक्ष आज आपल्याच जिल्ह्यात पिकतंय. माळशिरसच्या मोटेवाडीत फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे आहेत, त्यांचे वाइन करणारे पिएरो मासी टस्कनीचेच. त्यांनी टिनच्या डब्यातही वाइन काढली आहे. म्हणजे आकार बदलायचाच तर काचेला चिकटून राहायची गरज नाही.

आत्येभाऊ_माळशिरस

मीच तो. दादानं अख्ख्या गावाला बोलावलंय वाटतं!

सगळं वाचलं. पण मला एक सांगा. मी नवा, माझ्याकडे जाहिरातीचे पैसे नाहीत. इटलीतल्या वेर्दिक्कियो या पांढऱ्या वाइनचं मी वाचलंय. १९५३ मध्ये फात्सी बत्ताल्या या कंपनीने एका वास्तुविशारदाकडून जुन्या रांजणाच्या घाटाची, कंबर असलेली हिरवी बाटली करून घेतली आणि ती वाइन जगभर पोचली. त्यांना कोणी हिशेब विचारला होता का?

वाइन_वाचक

बरोबर, अंतोनियो मायोक्की यांची ती रचना. पण पुढचं पान पण वाचा. ती बाटली इतकी खपली की लोकांच्या मनात वेर्दिक्कियो म्हणजे त्या बाटलीतली स्वस्त, हलकी वाइन असं बसलं. पुढे त्याच भागात चांगली वाइन करणाऱ्या बऱ्याच जणांनी मुद्दाम साधी बाटली घेतली, आम्ही ते नव्हे हे दाखवायला. आकाराने नाव होतं, मग त्या नावातून सुटायला पुन्हा आकारच बदलावा लागतो.

आणि एक फरक आहे. त्यांच्याकडे लाखो बाटल्यांचा माल होता.

आत्येभाऊ_माळशिरस

बरं, मग साध्या बाटलीवर खांद्याशी उठावाचं चिन्ह? फ्रान्सच्या शातोनफ-द्यु-पाप गावच्या वाइनवाल्यांचं असतं तसं. १९३७ पासून आहे म्हणे त्यांचं.

काचेची_भट्टी

बाळ, उठावालाही स्वतःचा साचाच लागतो. शातोनफचा अख्खा गाव मिळून ते वापरतो, खर्च वाटला जातो. उद्या माळशिरसचे सगळे वाइनवाले एकत्र येऊन तालुक्याची एक बाटली ठरवणार असाल तर मी स्वतः चित्र काढून देतो. एकट्याने नको. कारखान्याच्या यादीतली तयार बाटली घे, गडद हिरवी, मधल्या वजनाची. तोंड मात्र नीट बघून घे, फिरकीचं झाकण की बूच, ते आधी ठरव. वाइनरीच्या यंत्राला जे चालतं तेच घे.

नान्नजचा_बागायतदार

आणि जड बाटली घेऊ नकोस. रिकामी बाटली अर्ध्या किलोची पण मिळते आणि एक किलोच्या जवळ जाणारीही. भाडं वजनावर जातं.

आत्येभाऊ_माळशिरस

ठीक आहे, पीळ रद्द. दादा, नाच आता. पण लेबल माझ्या मनासारखं. सोलापुरी चादरीची नक्षी, बाटलीला पूर्ण गुंडाळलेली. दुकानात लांबून ओळखू आली पाहिजे. सरळ पोटाची बाटली आहे, म्हणजे यंत्रावर बसेल ना काका?

काचेची_भट्टी

बसेल. फक्त बर्फाच्या पाण्यात ठेवली तर सुटणार नाही असा कागद आणि गोंद घे.

कडक_भाकरी

लेबलाखाली लिहा, 'पहिल्या धुण्यात रंग जाणार नाही'.

अक्षता_फेम

नक्षी जॅकार्ड मागाच्या जुन्या नमुन्यावरून घेणार असाल तर आमच्या घरी पुठ्ठ्याची पंच केलेली कार्डं पडून आहेत. या बघायला.

नवीपेठ_वाइन्सवाला

@आत्येभाऊ, छापायला टाकायच्या आधी लेबल उत्पादन शुल्क विभागाकडे नोंदवून घ्या. नंतर एक ओळ बदलायची म्हटली तरी पुन्हा सगळं करावं लागतं. आणि ७५० सोबत ३७५ मिलीची पण काढा. नवीन नाव लोक आधी लहान बाटलीत चाखतात. पहिली पेटी माझ्याकडे, समोरच्या फळीवर ठेवतो. फक्त माल सकाळी लवकर पाठवा, दुपारी टेम्पो दारात उभा करू नका.